किती स्टारचा पोरगा?

तुमचं रेटिंग किती? दचकू नका, कॅबवाल्यानं दिलेलं विचारत नाहीये. ऑफिसातलं विचारतोय. 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' की 'एक्सीड्स'? पाचपैकी साडेतीन की चार? वर्षभर राबायचं आणि अप्रेझलच्या दिवशी एसी केबिनमध्ये समोरच्यानं स्क्रीन आपल्याकडे वळवून एक आकडा दाखवायचा, याची आता इतकी सवय झालीय की भांडण होतं ते फक्त 'माझा कमी का?' एवढ्यावरच. तो आकडा मुळात सांगतो काय, हे कुणी विचारत नाही.

आज तेच विचारू या. पण ऑफिसबद्दल नाही, खेळाबद्दल. खेळात एक सोय असते. आज कुणाला आकडा दिला, तर पाच वर्षांनी तो खरा ठरला की नाही ते स्कोअरकार्डवर दिसतं. ऑफिसात तोपर्यंत बॉस बदललेला असतो, आणि बहुतेक वेळा आपणही.

आकडे देण्याच्या बाबतीत अमेरिकेचा हात कुणी धरणार नाही. तिथं शाळेत अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या सतरा वर्षांच्या पोरांना हॉटेलसारखे स्टार देतात. टू स्टार, थ्री स्टार, फोर स्टार. देशभरातून वर्षाला साधारण तीसेक पोरं फाइव्ह स्टार. मोठमोठ्या कॉलेजांचे कोच त्यांच्या घरी जाऊन सोफ्यावर बसतात, आईच्या हातच्या पायची तारीफ करतात आणि 'आमच्याकडेच या' म्हणून विनवतात. स्टार देण्याचा तो एक स्वतंत्र धंदाच आहे. मग प्रश्न येतोच की हे स्टार पुढे खरे ठरतात का?

उत्तर दोन आहेत आणि गंमत म्हणजे दोन्ही खरी आहेत.

पहिलं उत्तर: हो, ठरतात. फाइव्ह स्टार पोरगा पुढे कॉलेजात चमकण्याची आणि एनएफएल या प्रोफेशनल लीगपर्यंत पोचण्याची शक्यता थ्री स्टारवाल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असते. स्टार देणारी माणसं काही डोळे मिटून बसलेली नसतात.

दुसरं उत्तर: एनएफएलच्या टीम्स उघडून बघितल्या तर त्या भरलेल्या असतात थ्री स्टार आणि त्याखालच्या पोरांनी. पॅट्रिक महोम्स शाळेत थ्री स्टार होता. जॉश अ‍ॅलनला शाळा संपताना एकाही मोठ्या कॉलेजानं बोलावलं नव्हतं. तो आधी एका छोट्या कॉलेजात गेला आणि पुढे २०२४ च्या सीझनचा एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. टॉम ब्रेडीला तर कॉलेज संपल्यानंतरच्या २००० च्या ड्राफ्टमध्ये १९९ व्या नंबरावर उचललं होतं. पुढे त्यानं सात सुपर बोल जिंकले.

मग दोन्ही उत्तरं एकदम खरी कशी? साधं गणित आहे, समजण्यापुरते आकडे घेऊ. समजा, फाइव्ह स्टार पोरं ३० आहेत आणि त्यातली निम्मी वर पोचली, म्हणजे १५. थ्री स्टार पोरं १५०० आहेत आणि त्यातली दहा टक्केच पोचली, तरी होतात १५०. वर उभं राहून बघणाऱ्याला दिसतं की दहातले नऊ थ्री स्टारवाले! खाली उभं राहून बघणाऱ्याला दिसतं की फाइव्ह स्टारला पाचपट चान्स. दोघंही खोटं बोलत नाहीयेत. आकडा घोळक्याबद्दल बरोबर असतो. एकेका पोराबद्दल तो फक्त 'शक्यता' म्हणतो. आणि आपण नेमकं उलटं करतो. घोळक्यासाठी काढलेला आकडा घेऊन एकेका पोराच्या कपाळावर चिकटवतो.

आता अमेरिका सोडू आणि माझ्या गावाकडे जाऊ. मी मूळचा धाराशिवचा. म्हणजे २०२३ पर्यंतचं उस्मानाबाद. पुण्यात आजही जुनं नाव सांगितल्याशिवाय समोरच्याची ट्यूब पेटत नाही. आमच्या जिल्ह्याच्या नावानं एक गोष्ट देशभर ओळखली जाते, ती म्हणजे उस्मानाबादी शेळी. बाजारात शेळी घेणारा माणूस आधी तिचे दात बघतो. दातावरून वय कळतं. पण करडं किती देईल, दूध किती देईल, ते घरी नेऊन वर्षभर सांभाळल्यावरच कळतं. हे बाजारातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माहीत असतं. एचआरला नसतं.

याच जिल्ह्यातली दोन माणसं घेऊ. दोघांचाही धागा तुळजापूरशी आहे.

पहिला राजवर्धन हंगरगेकर. तुळजापूरचा पोरगा. फास्ट बोलर आणि खाली येऊन उंच फटके मारणारा. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत वेस्ट इंडिजमध्ये अंडर-नाइन्टीन वर्ल्ड कप झाला. भारतानं ५ फेब्रुवारीला इंग्लंडला हरवून तो जिंकला. त्या टीममध्ये राजवर्धन होता. ताशी १४० किलोमीटरच्या आसपासचा वेग, आयर्लंडविरुद्ध १७ चेंडूंत नाबाद ३९. कॉमेंट्री करणारे खूश, ट्विटर खूश, तुळजापूर तर विचारूच नका. आठवड्याभरात आयपीएलचं ऑक्शन झालं. बेस प्राइस ३० लाख आणि चेन्नई सुपर किंग्जनं बोली लावत नेऊन ठेवली ती दीड कोटीवर. वय एकोणीस.

हे आपलं फाइव्ह स्टार. आयपीएलच्या ऑक्शनइतकं उघडं, आकड्यातलं आणि टीव्हीवर लाइव्ह दिसणारं रेटिंग आपल्याकडे दुसरं नाही.

पुढे काय झालं? २०२२ चा पूर्ण सीझन तो बेंचवर. २०२३ मध्ये सीझनच्या पहिल्याच मॅचला, ३१ मार्चला अहमदाबादमध्ये, गुजरात टायटन्सविरुद्ध चान्स मिळाला आणि त्यानं ३६ धावांत ३ विकेट्स काढल्या. त्याच वर्षी जुलैत कोलंबोत इमर्जिंग आशिया कपमध्ये पाकिस्तान 'अ' विरुद्ध ४२ धावांत ५. म्हणजे टॅग अगदीच हवेत लावलेला नव्हता. पण चेन्नईच्या टीममध्ये जागा पक्की झाली नाही. आणि नोव्हेंबर २०२४ च्या मेगा ऑक्शनमध्ये लखनौनं त्याला घेतलं ते ३० लाखांना. दीड कोटीचा आकडा अडीच-पावणेतीन वर्षांत तीस लाखांवर आला.

इथं आपल्या जिभेवर लगेच एक शब्द येतो, 'फ्लॉप'. तो जरा गिळू या. वयाच्या बाविसाव्या वर्षी तुमचं काय चाललं होतं, आठवा. बहुतेकांचं एका विषयाची केटी सोडवणं चाललं होतं. हा पोरगा आयपीएलमध्ये विकेट्स काढून आला होता. त्यातलं बदललं काय? दीड कोटी हा आकडा त्याच्या बोलिंगचा कधी नव्हताच. त्या दिवशी त्या हॉलमध्ये किती टीम्सना फास्ट बोलिंग टाकणारा ऑलराउंडर हवा होता, त्यांच्या पर्समध्ये किती उरले होते आणि वर्ल्ड कप किती ताजा होता, या सगळ्याची ती बेरीज होती. आकडा त्याच्या नावापुढे लिहिला गेला, पण त्यातला निम्मा बाकीच्यांबद्दल होता.

आता दुसरं नाव, सारिका काळे. खो-खो. तिला कुणी स्टार दिले नव्हते, बोली लावली नव्हती. साधारण तेराव्या वर्षी ती मैदानात आली. २०१६ मध्ये गुवाहाटीला झालेल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला खो-खो टीमची कॅप्टन होती आणि टीमनं गोल्ड जिंकलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला त्याआधीचा अर्जुन १९९८ मध्ये मिळाला होता, म्हणजे मध्ये बावीस वर्षं गेली होती. पुरस्काराच्या वेळी ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी होती.

पुरस्कार जाहीर झाल्यावर तिनं पत्रकारांना जे सांगितलं ते मी तेव्हा दोनदा वाचलं. जवळपास दहा वर्षं तिला दिवसाला एकच वेळचं जेवण मिळत होतं. वडिलांची कमाई नव्हती, आई शिवणकाम करायची, आधार आजी-आजोबांचा. जरा बरं खायला मिळायचं ते कॅम्पला किंवा स्पर्धेला गेल्यावर.

आता समजा तुम्ही स्काउट आहात. हातात क्लिपबोर्ड आहे. समोर तेरा-चौदा वर्षांची, एकवेळ जेवणारी मुलगी उभी आहे. तुम्ही उंची मोजणार, वजन मोजणार, तीस मीटर पळवणार, आठशे मीटर पळवणार, उभी उडी बघणार. तुमचा प्रत्येक आकडा बरोबर येईल. आणि त्यातला प्रत्येक आकडा थोडा थोडा त्या न मिळालेल्या दुसऱ्या जेवणाबद्दल असेल. क्लिपबोर्डवर 'काय खाल्लं?' असा कॉलम नसतो. म्हणून जे दिसतं ते 'कमी क्षमता' म्हणून लिहिलं जातं.

आणखी एक गोष्ट. ज्या २०१६ मध्ये ती देशाची कॅप्टन होती, त्याच वर्षी घरच्या पैशाच्या अडचणींनी ती इतकी खचली की खेळ सोडायचं ठरवलं होतं. खोलीत कोंडून घेतलं होतं. आजीनं ही गोष्ट प्रशिक्षक डॉ. चंद्रजित जाधव यांच्या कानावर घातली. त्यांनी समजावलं आणि ती पुन्हा मैदानात आली. हे नंतर सरांनीच सांगितलं. म्हणजे अर्जुन पुरस्कारापर्यंतच्या रस्त्यात एक वळण असं होतं, जिथं सगळं एका आजीच्या निरोपावर अडकलं होतं. जगातलं कुठलं रेटिंग हे धरेल?

मग रेटिंग बोगसच म्हणायचं का? नाही. मघाशी म्हटलं तसं, घोळक्याबद्दल ते बऱ्यापैकी बरोबर असतं. खो-खोतही त्याचा पुरावा आहे. राष्ट्रीय स्पर्धेत सबज्युनियर गटातल्या सर्वोत्तम मुलीला 'इला' पुरस्कार देतात, ज्युनियर मुलीला 'जानकी', महिला गटात 'राणी लक्ष्मीबाई'. प्रियांका इंगळेला लहानपणी 'इला' मिळाला होता. पुढे 'राणी लक्ष्मीबाई'ही मिळाला आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो वर्ल्ड कपमध्ये ती भारताची कॅप्टन होती. फायनलमध्ये भारतानं नेपाळला ७८-४० असं हरवलं. लहानपणीचा आकडा मोठेपणी तंतोतंत खरा. असंही होतं, आणि वारंवार होतं.

पण ते खरं का ठरतं, यात एक मेख आहे. ज्याला चांगलं रेटिंग मिळतं त्याला पुढे सगळंच चांगलं मिळतं. अमेरिकेत फाइव्ह स्टार पोराला सर्वांत मोठं कॉलेज, सर्वांत भारी कोच, वेगळा डाएट, वेगळा फिजिओ. आपल्याकडे सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली की राहणं, खाणं, ट्रेनिंग, शाळा, सगळ्याची सोय. निवड झाली नाही तो पोरगा एसटी पकडून घरी. पाच वर्षांनी दोघांना शेजारी उभं केलं की निवडलेला पुढे असणारच! मग निवडणारा म्हणतो, बघा, माझी नजर. नजर असेलही हो, पण त्यातली दूध-अंडी किती आणि नजर किती, हे वेगळं करून कोण सांगणार?

वयाचाही एक खेळ आहे. १९८० च्या दशकात कॅनडात ज्युनियर आइस हॉकीच्या टीम्सची यादी तपासली गेली, तेव्हा दिसलं की जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली पोरं त्यात भरमसाट होती. तिथं वयोगटाची कटऑफ तारीख १ जानेवारी. म्हणजे जानेवारीतला पोरगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा, पण गट एकच. दहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे केवढं! जो मोठा तो उंच, जो उंच तो निवडला, जो निवडला त्याला जास्त प्रॅक्टिस. शेवटी तो खरोखरच चांगला खेळाडू होतो. जन्मतारखेचं टॅलेंट म्हणतात ते हे.

एकाच रेटिंगची पोरं पुढे किती वेगवेगळ्या रस्त्यांनी जातात, त्याचं उदाहरणही मराठवाड्यातलंच आहे. जालन्याच्या विजय झोलनं २०११ मध्ये महाराष्ट्राकडून अंडर-नाइन्टीनच्या मॅचमध्ये नाबाद ४५१ केले. २०१४ च्या अंडर-नाइन्टीन वर्ल्ड कपला तो भारताचा कॅप्टन होता. त्याच टीममधले श्रेयस अय्यर, संजू सॅमसन आणि कुलदीप यादव पुढे भारताकडून खेळले. कॅप्टन मात्र सीनियर टीमपर्यंत पोचला नाही. टीम एक, ब्लेझर एक, टॅग एक. कॅप्टनचा तर एक स्टार जास्तच.

आता मला खरी उत्सुकता असते ती उलट्या प्रश्नाची. स्टार न देता, पैसा नसताना, आमच्यासारख्या दुष्काळी जिल्ह्यातून खो-खोपटू येतात कसे? कारण सारिका एकटी नाही. वर्ल्ड कप जिंकलेल्या त्या टीममध्ये अश्विनी शिंदे होती, तीही धाराशिवचीच.

माझा एक अंदाज आहे. खो-खो हा खेळच असा आहे की त्यात एकट्या स्टारला घेऊन प्रॅक्टिस करताच येत नाही. पारंपरिक खो-खोत आक्रमणाला नऊ जण लागतात. आठ जण पाटीवर बसायला, एक जण धावायला. समोर संरक्षणाला तिघांची तुकडी. म्हणजे एका चांगल्या पोरीला रोज सराव द्यायचा तर मैदानावर डझनभर इतर पोरी रोज हव्यातच. त्यातल्या अर्ध्या साधारण असतात. पण त्यांना घरी पाठवलं तर स्टारचीही प्रॅक्टिस बंद! म्हणून त्या टिकतात. संध्याकाळी येतात, पाटीवर बसतात, खो घेतात, उठून पळतात. आणि दोन वर्षांनी त्यातली एखादी अचानक उंच होते, तिच्या सुराला धार येते, आणि सर म्हणतात, अरे, ही कोण? ही तीच, जी कधीपासून चौथ्या पाटीवर बसत होती.

क्रिकेटच्या नेट्समध्ये असं होत नाही. तिथं साधारण पोराला बॅटिंगच मिळत नाही. खर्च वेगळाच. खो-खोला दोन खांब, चुन्याच्या रेघा आणि एक ग्राउंड पुरतं. आणि एक असा माणूस, जो त्या पोरींना रोज बघतो. दिवसभराच्या ट्रायलला नाही, रोज. ट्रायल म्हणजे फोटो. रोजचं बघणं म्हणजे पिक्चर. फोटोत चेहरा कळतो, स्टोरी कळत नाही.

अर्थात, खो-खोलाही आता स्टिकर लागायला लागलेत. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो ही लीग आली. पुरुष खेळाडूंचा ड्राफ्ट झाला. त्यात खेळाडूंच्या ग्रेड होत्या, ए ते डी. ए ग्रेडला पाच लाख, डी ग्रेडला एक लाख. मला हे बघून वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. जन्मभर सर्टिफिकेटं गोळा करणाऱ्या पोरांना पहिल्यांदा पैसे दिसले. पैसे द्यायचे तर कुठेतरी ग्रेड लावावीच लागते. काळजी एवढीच की उद्या गावातल्या ग्राउंडवर बारा वर्षांच्या पोरांना कुणी ए आणि डी म्हणायला लागू नये. ग्रेड पगारासाठी ठीक आहे, पोरांसाठी नाही.

हे सगळं मी आज का लिहितोय? मागच्या महिन्यात आतेभावाचा फोन आला. गावाकडेच असतो, माझ्यापेक्षा लहान. त्याची मुलगी तेरा वर्षांची, आठवीत, खो-खो खेळते. जिल्ह्याच्या निवडचाचणीत तिचं नाव लागलं नाही.

"दादा, आता नववी येईल. ग्राउंड बंद करावं म्हणतो तिचं. तुला काय वाटतंय?"

मी विचारलं, "रोज स्वतःहून जाते का, की पाठवावं लागतं?"

"जाते की. सांगावं लागत नाही. उलट यायला उशीर करते म्हणून आई ओरडती."

"गेल्या वर्षीपेक्षा जास्त वेळ टिकते का पळताना?"

"टिकते. पहिलं लगेच आउट व्हायची. आता मिनिटभर तरी पळते."

"सर काय म्हणतात?"

पलीकडे शांतता. मग म्हणाला, "सरांना कुठं विचारलं अजून. यादीत नाव नाही म्हटल्यावर काय विचारायचं?"

बघा, हे आहे रेटिंगचं खरं काम. यादी लागली की आपण पुढचे प्रश्न विचारणंच बंद करतो. त्या यादीनं एवढंच सांगितलं होतं की अमुक दिवशी, अमुक ग्राउंडवर, तिच्यापेक्षा पुढे असलेल्या काही मुली होत्या. त्याचा अर्थ बापानं काढला 'हिच्यात काही नाही'. आणि आमच्याकडे मुलाचं ग्राउंड बंद केलं तर तो दोन महिन्यांनी भिंतीवरून उडी मारून परत जातो. मुलीचं बंद केलं की ते बहुतेक वेळा कायमचंच बंद होतं. नववी, दहावी, बारावी, मग स्थळं. चौदाव्या वर्षी लागलेली यादी अशी आयुष्यभर पुरते.

मी त्याला म्हटलं, "आधी सरांना भेट. ते 'नको' म्हणाले तरी लगेच ऐकू नको, का ते विचार. आणि तिला विचार. तिचं तिला विचारलंयस का?" तो म्हणाला, बघतो. सध्या ती जातेय. सरांनी सांगितलंय की पाय चांगले आहेत, वजन कमी पडतंय, दूध चालू करा. पुढे काय होईल? ती सारिका काळे होईल का? शक्यता फार कमी, ते मी मगाचंच गणित वापरून सांगू शकतो. पण तिचं ग्राउंड चालू ठेवण्यासाठी ती सारिका काळे होणार असणं ही अट कधीपासून झाली?

आणि 'यश' म्हणजे तरी काय, तेही एकदा बघून घेऊ. मुंबईच्या अमोल मुझुमदारनं रणजी पदार्पणातच २६० ठोकले होते. पुढचा तेंडुलकर म्हणून त्याच्याकडे बघितलं जायचं. फर्स्ट क्लासमध्ये अकरा हजारांवर धावा केल्या आणि भारताची कॅप त्याला एकदाही मिळाली नाही. रेटिंगच्या हिशेबात हे 'चुकलेलं प्रेडिक्शन'. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिला टीमनं वन-डे वर्ल्ड कप जिंकला तेव्हा तिचा कोच कोण होता? अमोल मुझुमदार. त्या वहीत आता काय लिहायचं, राइट की राँग?

ऑफिसवाल्यांनो, आता आपल्याकडे येऊ. तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? आपण तर रेटिंग घेणारे. पण एवढ्यात तुमच्यातले बरेच जण रेटिंग देणारेही झालेत. टीम लीड झालात, कॅम्पसला एचआरबरोबर जाता, रेझ्युमे चाळता. 'दहावी, बारावी, डिग्री, सगळीकडे साठ टक्के हवेतच' ही चाळणी तुमच्याच लॅपटॉपवर चालते. ती चाळणी घोळक्याला चुकीची नाही, आणि हजार अर्जांतून पन्नास निवडायचे तर काहीतरी चाळणी लागणारच, हे मलाही कळतं. पण दहावीला अठ्ठावन्न टक्के मिळवणारा पोरगा तेव्हा किती वेळ जेवत होता, हा कॉलम त्या एक्सेल शीटमध्येही नसतो.

म्हणून माझे तीन साधे नियम, पटले तर घ्या. एक, रेटिंग कुणाला आधी बघायचं हे ठरवायला वापरा, कुणाला कधीच बघायचं नाही हे ठरवायला नको. दोन, आकडा बघण्यापेक्षा उतार-चढ बघा. गेल्या वर्षी चाळीस आणि यंदा पंचावन्न असलेला माणूस, दोन्ही वर्षं साठवर बसलेल्यापेक्षा जास्त काही सांगत असतो. तीन, ज्याला तुम्ही कमी रेटिंग दिलंय त्याला पाटीवर बसू द्या. खो मिळाला तर उठून पळण्याइतका जवळ ठेवा. घरी पाठवलेल्या माणसाबद्दलचं तुमचं प्रेडिक्शन नेहमीच बरोबर येतं, त्यात कौतुकासारखं काही नाही.

आणि स्वतःचं रेटिंग? ते पगारवाढीचं पत्र म्हणून वाचा, कुंडली म्हणून नको. साडेतीन आलेत? ठीक आहे. सोमवारी नऊ वाजता लॉग-इन तुम्हालाही आहे आणि साडेचारवाल्यालाही.